मधुमेह, रक्तवाहिन्या आणि आपला वारसा

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त कारंजा (लाड) येथे आयोजित मधुमेह तपासणी शिबिराच्या प्रारंभी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. बी.कॉम.चा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी वडिलोपार्जित कापड दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. तेव्हा अशा विषयावर बोलण्याचा माझा अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. विश्वस्तांनी मला सांगितले, "तुम्ही बावीस वर्षांपासून या आजारासोबत राहत आहात आणि त्यावर वाचता, तेवढा अधिकार पुरे." माझ्या डॉक्टरांनी वेळोवेळी दिलेले लेख मी दुकानात दुपारच्या वेळी वाचत असतो. आजच्या भाषणातील वैद्यकीय भाग त्यांना आधी वाचून दाखविला आहे. तरीही काही चूक राहिली असेल तर ती माझी समजावी.

आमच्या घरातील हकिकतीपासून सुरुवात करतो, कारण हा विषय मला पुस्तकातून नव्हे, घरातून कळला.

माझ्या वडिलांना आम्ही बापूजी म्हणत असू. त्यांना मधुमेह होता. १९७८ सालच्या वैशाखात मंदिराच्या फरसबंद आवारात अनवाणी प्रदक्षिणा घालताना त्यांच्या तळपायाला फोड आला. विदर्भातील उन्हाळा आपल्याला ठाऊक आहे; फरशी तव्यासारखी तापलेली असते. इतर मंडळी पाय उचलीत भरभर चालत होती, बापूजी मात्र शांतपणे चालत होते. घरातील सर्वांना त्यांच्या सहनशक्तीचे कौतुक वाटले. पुष्कळ वर्षांनी मला उमगले की ती सहनशक्ती नव्हती. पायाच्या नसा बधिर झाल्यामुळे त्यांना चटका जाणवतच नव्हता. फोडाची जखम झाली, रक्तपुरवठा अपुरा असल्याने ती भरेना, आणि शेवटी अंगठा काढावा लागला. डॉक्टरांनी इन्सुलिन सुचविले तेव्हा बापूजींनी एवढेच विचारले, "ते कशापासून काढतात?" त्या काळी इन्सुलिन गाय व डुकराच्या स्वादुपिंडापासून काढीत असत. बापूजींनी हात जोडले. दिवाळीपूर्वीच ते गेले. वय एक्कावन्न.

त्यांचा निर्णय बरोबर की चूक, हे ठरविण्याची माझी योग्यता नाही. एक नोंद मात्र मनाला टोचत राहते. त्याच १९७८ साली अमेरिकेत जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन तयार करवून घेण्यात शास्त्रज्ञांना यश आले. १९८२ मध्ये त्याला विक्रीची मंजुरी मिळाली आणि २००३ मध्ये वॉकहार्ट कंपनीने भारतात बनविलेले असे इन्सुलिन बाजारात आणले. आज मिळणाऱ्या नेहमीच्या इन्सुलिनसाठी कोणत्याही पशूचा अवयव लागत नाही. आपल्या समाजातील काही घरांत अजूनही या शंकेपायी इंजेक्शन टाळले जाते, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

बापूजी गेल्यावर गावात एक वाक्य रूढ झाले : "त्यांच्या घराण्यातच आहे ते." हे वाक्य माझ्या थोरल्या भावाच्या फार जिव्हारी लागले. त्यांनाही पुढे मधुमेह निघाला. मुलीच्या स्थळाची बोलणी सुरू होती. पाहुण्यांनी विचारले, "घरात कोणाला शुगर आहे का?" दादांनी नाही म्हणून सांगितले. एकदा नाही म्हटल्यावर ते निभावणे आले. त्यांनी गावातील डॉक्टरांकडे जाणे बंद केले, कारण दवाखान्याच्या बाकावर आपलीच माणसे भेटतात. गोळ्या ते दुकानाच्या गल्ल्यात, जुन्या बिलबुकांच्या मागे ठेवीत. वहिनींनादेखील पूर्ण कल्पना नव्हती. २००९ च्या दिवाळीच्या गर्दीत एके दिवशी त्यांना पोटात जळजळ व घाम सुरू झाला. पित्त समजून त्यांनी गोळी घेतली आणि रात्रीपर्यंत गिऱ्हाईक केले. पहाटे ते गेले. हृदयविकाराचा झटका होता. मधुमेहात नसा कमकुवत झाल्या म्हणजे छातीतील वेदना कधी कधी जाणवतच नाही, हे मला नंतर कळले. गल्ला आवरताना गोळ्यांची जी पाने निघाली, त्यांतील कित्येकांची मुदत संपलेली होती.

दिवसकार्यास पुतणीचे सासरे आले होते. त्यांनी मला बाजूला घेतले आणि म्हणाले, "शेटजी, शुगर आमच्याही घरात आहे. आम्हीही सांगितले नव्हते."

तेव्हापासून मी या प्रश्नाच्या मागे लागलो की "घराण्यात आहे" म्हणजे नेमके काय आहे?

आपल्या प्रत्येक पेशीत आईकडून एक व वडिलांकडून एक अशा जनुकांच्या दोन प्रती असतात. त्यांत ठिकठिकाणी लहानसहान फरक असतात. २००६ साली आइसलँडमधील संशोधकांनी टीसीएफ७एल२ नावाच्या जनुकातील एक फरक दाखविला. तो असणाऱ्यांत मधुमेहाची शक्यता वाढते. पुढच्याच वर्षी पुण्याचे केईएम रुग्णालय आणि हैदराबादची सीसीएमबी ही संस्था यांनी भारतीय रुग्णांमध्येही हाच संबंध आढळल्याचे प्रसिद्ध केले. परंतु अशा एका प्रतीमुळे धोका वाढतो तो दीडपटीच्या आसपास. आज असे शेकडो फरक ठाऊक आहेत आणि बहुतेकांचा वाटा याहूनही किरकोळ आहे. म्हणजे एखाद्या घराण्यावर शिक्का बसावा असे एकच जनुक नाही. थोडेथोडे सर्वांच्याच खात्यावर जमा आहे.

हे झाले मधुमेह होण्याविषयी. पण माणूस साखरेने सहसा जात नाही. तो जातो रक्तवाहिन्यांच्या विकाराने. हृदय, मेंदू, मूत्रपिंड, डोळ्यांचा पडदा, पाय, सगळीकडे तीच गोष्ट. एकाच घरातील दोन मधुमेही भावांपैकी एकाच्या रक्तवाहिन्या लवकर बिघडतात आणि दुसऱ्याच्या टिकतात, असे का? या प्रश्नाचा शोध घेताना मला जी कथा वाचावयास मिळाली, ती कापडवाल्याला विशेष आवडावी अशी आहे.

इंग्लंडमध्ये हॅलिफॅक्स हे लोकरी कापडाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध असलेले गाव आहे. तेथे जन्मलेले ऑलिव्हर स्मिथीज नावाचे शास्त्रज्ञ १९५० च्या दशकात कॅनडातील टोरांटो येथे काम करीत होते. टोरांटो म्हणजे १९२१ साली बँटिंग व बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले तेच शहर. स्मिथीज यांना इन्सुलिनचे पूर्वरूप शोधायचे होते, पण ओल्या कागदावर इन्सुलिन सरकेना, चिकटून बसे. तेव्हा त्यांना लहानपणीची आठवण झाली. आई वडिलांच्या शर्टांना खळ देत असे आणि उरलेली खळ थंड झाली की तिची लापशीसारखी थलथलीत वडी जमे. त्यांनी स्टार्चची तशीच वडी करून तीत विजेच्या साहाय्याने रक्तातील प्रथिने वेगळी केली. इन्सुलिन राहिले बाजूला. निरनिराळ्या माणसांच्या रक्तातील एका प्रथिनाच्या रेषा वेगवेगळ्या दिसू लागल्या. प्रथम त्यांना वाटले की हा स्त्री-पुरुषांतील फरक असावा. पुढे तो तर्क खोटा ठरला आणि हा फरक आई-वडिलांकडून आलेला आहे, हे सिद्ध झाले. १९५५ सालचा हा शोध. स्मिथीज यांना २००७ मध्ये वेगळ्या कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. आपण आयुष्यभर खळीचे कापड विकतो, पण खळीतून असे काही निघेल हे आपल्या ध्यानीमनी नसते.

त्या प्रथिनाचे नाव हॅप्टोग्लोबिन. त्याचे काम सांगतो. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. त्या फुटल्या की आतील लोहयुक्त हिमोग्लोबिन बाहेर सांडते. हे मोकळे लोह रक्तवाहिनीच्या अस्तराला गंजाप्रमाणे अपाय करते. हॅप्टोग्लोबिन त्या हिमोग्लोबिनला पकडून ठेवते आणि शरीर त्याची विल्हेवाट लावते. या प्रथिनाचे दोन नमुने आहेत, एक आणि दोन. कोणाकडे एक-एक, कोणाकडे एक-दोन, कोणाकडे दोन-दोन अशी जोडी असते. दोन-दोन जोडीचे प्रथिन आकाराने मोठे, पण कामात मंद असते, आणि मधुमेहात त्याची सफाई आणखी रेंगाळते.

इस्रायलमधील डॉ. अँड्र्यू लेव्ही व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आदिवासी जमातींच्या अभ्यासातील नमुने तपासले आणि २००२ साली प्रसिद्ध केले की मधुमेहींपैकी दोन-दोन जोडीच्या लोकांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराचा धोका एक-एक जोडीच्या लोकांपेक्षा पाचपट होता. पुढील सर्वच अभ्यासांत हा फरक इतका मोठा दिसला नाही. परंतु माझ्या दृष्टीने यातील सर्वांत मोलाची ओळ वेगळीच आहे : ज्यांना मधुमेह नव्हता, त्यांच्यात या जोडीने तसा फरक पडला नाही. जनुक तेच, पण साखर नसेल तर ते जवळजवळ मुके.

आपल्या धंद्यातील उदाहरण देतो. सूत थोडे कच्चे असले म्हणून शर्ट कपाटात फाटत नाही. तो विरतो कॉलरला आणि कफला, जेथे रोज घासला जातो. सूत आपण निवडून आणलेले नाही, घासणे मात्र आपल्या हातचे आहे.

आणखी एक गोष्ट. ही दोन-दोन जोडी पाश्चात्त्य देशांत साधारण तिघांत एकाकडे आढळते. भारतात ती निम्म्याहून अधिक लोकांकडे आहे. म्हणजे आज या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेकांकडे ती असणार. ज्यांनी माझ्या भावाच्या घराण्याकडे बोट दाखविले त्यांच्याकडेही, आणि ज्यांनी दाखविले नाही त्यांच्याकडेही.

येथे कोणाच्या मनात येईल की मग ही तपासणी करून घ्यावी आणि औषध घ्यावे. २००८ साली इस्रायलमध्येच दोन-दोन जोडीच्या १,४३४ मधुमेहींवर झालेला प्रयोग प्रसिद्ध झाला. निम्म्यांना व्हिटॅमिन ई दिले, निम्म्यांना दिले नाही. दीड वर्षात घेणाऱ्यांपैकी २.२ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ४.७ टक्के लोकांना हृदयविकार, पक्षाघात अथवा तत्सम मृत्यू आला. आकडे आकर्षक आहेत. परंतु सरसकट सर्वांना व्हिटॅमिन ई देऊन केलेल्या मोठ्या चाचण्यांत लाभ दिसलेला नाही, आणि जगभरच्या वैद्यकीय संस्थांनी हा उपचार नेहमीचा म्हणून स्वीकारलेला नाही. माझ्या डॉक्टरांनी मला ते दिले नाही आणि मीही मागितले नाही. मेडिकलमधून परस्पर आणून कोणी सुरू करू नये. शिवाय त्या मऊ कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते, हेही आपल्या माहितीसाठी.

मग हातचे आहे ते काय? इंग्लंडमधील यूकेपीडीएस नावाच्या दीर्घ अभ्यासात असे दिसले की तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी एचबीए१सी एक टक्क्याने कमी असेल, तर डोळे व मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांचे विकार ३७ टक्क्यांनी कमी आढळतात, हृदयविकाराचा झटका १४ टक्क्यांनी, आणि पाय कापावा लागणे किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांमुळे मृत्यू येणे ४३ टक्क्यांनी कमी. १९९८ साली त्याच अभ्यासाने रक्तदाबाविषयी सांगितले की तो अधिक काटेकोरपणे आवरला तर मधुमेहींतील पक्षाघात ४४ टक्क्यांनी घटतो. मला स्वतःला हा दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा वाटतो. आपण साखरेचा हिशेब ठेवतो आणि रक्तदाब म्हणजे चिंतेचा आजार समजून सोडून देतो. तंबाखूबद्दल मी वेगळे बोलत नाही. ज्यांच्या खिशात पुडी आहे त्यांना ठाऊक आहे.

आपली आणखी एक समजूत, "मी तर सडपातळ आहे." पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली लंडनच्या जॉन युडकिन यांच्यासोबत 'लॅन्सेट' या नियतकालिकात एक छायाचित्र छापले. दोघे शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन मोजणारा निर्देशांक दोघांचाही २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांच्या चमूने गरोदर माता व बालकांचा अभ्यास चालविला. तेथील बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील ३.५ किलोची. आपल्या बाळांत स्नायू कमी होते, चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. तेव्हा वारसा म्हणजे केवळ जनुके नव्हेत. आईच्या पोटातील नऊ महिन्यांचे पोषणही त्यात आले. सुनेच्या गरोदरपणात तिच्या ताटाकडे घरातील पुरुषांनी लक्ष द्यावे, असे मी आमच्या घरात सांगत असतो, आणि त्यावरून माझी थट्टाही होते.

आता शाकाहाराचा विषय. याज्ञिक यांच्या चमूने २००६ साली पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ६७ टक्क्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्क्यांत. शाकाहारी लोकांत कमतरतेची शक्यता ४.४ पट. ब-१२ कमी पडले की रक्तात होमोसिस्टीन वाढते, आणि ते वाढलेल्या लोकांत रक्तवाहिन्यांचे विकार अधिक दिसतात. होमोसिस्टीन वाढविणारा एक जनुकीय फरकही आहे, पण तो आपल्याकडे युरोपपेक्षा कमी आढळतो; आपल्याकडे मुख्य कारण ब-१२ चे. जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी हृदयविकाराचे झटके कमी होतात असे मात्र मोठ्या चाचण्यांत सिद्ध झाले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. नसांचे तसे नाही. ब-१२ च्या अभावी पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, आणि आपण तो मधुमेहाच्या माथी मारतो. मेटफॉर्मिन ही गोळी वर्षानुवर्षे घेतल्यानेही ब-१२ घटते. शाकाहारी, मधुमेही आणि मेटफॉर्मिन घेणारा, असा तिहेरी योग या सभागृहात कित्येकांचा असेल. माझा होता. उपाय सोपा आहे. ब-१२ जिवाणूंच्या साहाय्याने तयार करतात, त्यात प्राण्याचा अंश लागत नाही. फक्त कॅप्सूलऐवजी गोळी किंवा इंजेक्शन मागावे.

उपवासाविषयी स्वतःची फजिती सांगतो. २०११ साली अनंत चतुर्दशीचा निर्जळ उपवास धरला, आणि डॉक्टरांना न विचारता आदल्या संध्याकाळची व त्या सकाळची साखर उतरविणारी गोळीही घेतली. अभिषेक चालू असताना मी भोवळ येऊन पडलो. लोकांनी श्रद्धेने पाणी शिंपडले; खरी गरज साखरेची होती. आता पर्वापूर्वी मी डॉक्टरांशी बोलतो. बारा तपांत अनशन आहे, तसेच ऊनोदर आहे आणि रसपरित्यागही आहे. मी ही दोन निवडली आहेत. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांनी, रात्रीच्या लांब अंतराचा विचार करून मात्रा ठरवून घ्यावी. डॉक्टरांना आपला नियम सांगितला तर ते वेळापत्रक बसवून देतात. आपण सांगतच नाही, ही अडचण आहे.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. एवढ्या गर्दीत कोण कोणापासून काय लपवीत आहे? आपल्या परिचय संमेलनांत स्थळाची पत्रिका जुळवितात, गोत्र पाहतात, आणि आजाराचा प्रश्न आला की दोन्हीकडची मंडळी खोटे बोलतात. माझ्या भावाने एका स्थळासाठी तपासण्या सोडल्या. ते स्थळ जमले, मुलगी सुखात आहे, आणि तिच्या पहिल्या मुलाच्या बारशाला तिचे वडील नव्हते. विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की संमेलनाच्या परिचय-पुस्तिकेत घराण्यातील मधुमेहाचा रकाना ठेवू नये. ठेवला तर सर्वांनाच 'होय' लिहावे लागेल अशी मनाची तयारी करावी.

आजच्या शिबिराबद्दल. डाव्या बाजूच्या टेबलावर रक्तातील साखर व रक्तदाब, त्यापुढे लघवीतील प्रथिनाची तपासणी, आतल्या खोलीत डोळ्यांचा पडदा. थेंब घातल्यावर तीन-चार तास अंधुक दिसते, म्हणून गाडी चालवीत परत जाऊ नये. उजवीकडे पायांची तपासणी आहे. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक धागा तळपायाला टेकवतील आणि कळले का विचारतील. चपला तर आपण बाहेर काढल्याच आहेत. मोजेही काढून बसावे. कळले नाही तर "कळले" म्हणू नये.

दादांची दोन्ही मुले आज आली आहेत. थोरल्याने काल रात्रीपर्यंत नाही म्हटले होते. पायांच्या रांगेत पहिला क्रमांक माझा आहे, दुसरा त्याचा.